न्यायदानाची एकच वाट : रावेर ते दिल्ली

रावेर तालुक्यातील बागायतदाराने आपली केळी बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यास दिली आणि मालाची रक्कम थकली, तर दाद कोठे मागावयाची? गावे शेजारची, परंतु राज्ये दोन. खानदेशच्या सीमेवर हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

असा वाद अमेरिकेत उद्भवला असता, तर प्रथम न्यायालय कोणत्या सरकारचे, हे पाहावे लागले असते. तेथे प्रत्येक घटक राज्याची न्यायालये स्वतंत्र असून, त्यांच्या जोडीस १७८९ च्या कायद्याने उभारलेली संघीय न्यायालयेही आहेत : ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. पक्षकार भिन्न राज्यांतील आणि वाद ७५ हजार डॉलरहून अधिक रकमेचा असेल, तर वादीला संघीय न्यायालयात जाता येते. परक्या राज्यातील माणसावर स्थानिक न्यायालयात अन्याय होऊ नये, हा त्यामागील एक हेतू होय.

भारतीय संविधानाने न्यायालयांची अशी दुहेरी रचना स्वीकारली नाही. कायदा संसदेचा असो वा राज्य विधानमंडळाचा, तो तालुक्याचेच न्यायालय लावते. व्यवहार रावेरला झाला असल्यास दावा जळगाव जिल्ह्यात दाखल करता येतो. प्रतिवादीची मालमत्ता बऱ्हाणपुरात असेल, तर हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तेथील न्यायालयाकडे पाठविता येतो. नव्याने दावा लावण्याचे कारण नाही. संविधानाच्या २६१ व्या अनुच्छेदाने ही सोय देशभर करून ठेवली आहे.

सर्वसाधारण दिवाणी दाव्यात तालुक्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा काळ या मुदतीत धरला जात नाही. म्हणून नकलेचा अर्ज विनाविलंब करणे हिताचे. यापुढील पायरी उच्च न्यायालयाची. खानदेशच्या पक्षकारास त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालयाचे पीठ प्रथम मराठवाड्यासाठी सुरू झाले. त्यास देण्यात आलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये फेटाळले आणि १९८४ पासून ते कायम झाले. जळगाव व धुळे हे जिल्हे, तसेच १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, आज याच खंडपीठाच्या कक्षेत आहेत.

तथापि वरच्या न्यायालयात सारे काही पुन्हा मांडता येईल, ही समजूत अनेकांना महागात पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. माल किती गेला, पावती कोणी दिली, बांध कोठे होता, या गोष्टींचा निर्णय बहुतांशी खालीच लागतो. अमेरिकेतही अपील न्यायालय साक्षीदार तपासत नाही. पावती, सातबारा, मोजणीचा नकाशा व साक्षीदार तालुक्याच्या न्यायालयातच वेळेवर हजर झाले पाहिजेत.

यासाठी वकील देण्याचे सामर्थ्य नसल्यास तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. शिरपूर, चोपडा व यावल तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर ही माहिती ग्रामसभेतून देता येईल. लोकअदालतीत तडजोड करणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी : तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नाही.