काळ्या मातीवरील तेलगळती

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात पसरले. तेल पाण्यावर तरंगते; म्हणून तरंगत्या अडसरांनी ते कोंडून वरचेवर उपसता येते, अर्थात समुद्र शांत असेल तर. ऐन पावसाळ्यात तो तसा नसतो.

वाशीम जिल्ह्यातील प्रश्न निराळा आहे. समृद्धी महामार्गावर कारंजा वा मालेगाव तालुक्यात डिझेलचा टँकर उलटल्यास तेल पडते ते काळ्या मातीवर, आणि तिच्याखाली असतो सांधे-भेगांचा बेसाल्ट. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ही माती ओली असता फुगते, वाळली की तडकते. पावसाळ्यात फुगलेल्या मातीत तेल फारसे मुरत नाही; ते ओढ्याकडे धावते, म्हणून वाटेत मातीचा बांध घालणे हे पहिले काम. वैशाखात मात्र तेच तेल भेगांतून सरळ खाली उतरते व खडकाच्या सांध्यांतून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी जागा पाण्याने धुणे, हा प्रथम सुचणारा उपाय, सर्वांत घातक होय. पाणी तेलाला अधिक खोल नेते. कोरड्या वाळूने तेल टिपून माखलेली माती तत्काळ खणून काढावी.

या मातीतील तेल जीवाणू खातात, परंतु त्यांना प्राणवायू, नत्र व स्फुरद लागतात. चिकणमाती हवा कोंडते; म्हणून अभेद्य पृष्ठावर ती पातळ थरात पसरून, खत मिसळून वारंवार उलथावी लागते. विहिरीवर तवंग नसला तरी पाण्याची तपासणी टळत नाही, कारण डिझेलमधील काही घटक पाण्यात विरघळतात आणि दिसत नाहीत.