दुसऱ्या मताचा हिशेब

‘बाबासाहेबांना काजरोळकरांनी पाडले’ हे वाक्य आमच्या वस्त्यांत तीन पिढ्या सांगितले जात आहे. नायगावच्या, डिलाईल रोडच्या, वरळीच्या चाळींत ते म्हातारी माणसे सांगत. सांगताना आवाज खाली येई आणि पुढे बोलणे थांबे. पण कोणत्या मतदारसंघात पाडले, कसे पाडले आणि त्या मतदारसंघाचे पुढे काय झाले, हे विचारले तर आमच्यातले चांगले शिकलेले कार्यकर्तेही गप्प बसतात. तो मतदारसंघ आज नकाशावर नाही. ‘मुंबई शहर उत्तर’ हे त्याचे नाव. तो पुसला गेला, पण त्याने दिलेला धडा पुसला गेलेला नाही. म्हणून आज त्याचा हिशेब आम्ही मांडतो आहोत.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ला झाली. मुंबईत मतदान जानेवारी १९५२ मध्ये झाले. बाबासाहेब सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रीपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. ‘मुंबई शहर उत्तर’ हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेसाठी समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेसाठी बाबासाहेब. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. आणि तिसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे.

आता ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. त्या वेळी कागदावर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची निशाणी लावलेली वेगळी पेटी असे आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. आमची निशाणी हत्ती. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. कोणी दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एकच धरायची आणि दुसरी बाद करायची, असा कायदा होता. आपले दुसरे मत मुद्दाम असे वाया घालवण्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, मत ‘कुजवणे’.

निकाल लागला. गांधी सुमारे १ लाख ४९ हजार मतांनी पहिले आले. काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार मते पडली. बाबासाहेबांना १,२३,५७६. म्हणजे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत चौदा हजारांहून अधिक मतांनी पडला. अशोक मेहतांची मते तर काजरोळकरांपेक्षाही थोडी अधिक होती, तरी तेही पडले. कारण काजरोळकरांची जागा राखीव होती आणि मेहतांची लढत गांधींशी होती. आणि बाद मतांचा आकडा? सत्तर हजारांच्या वर! चौदा हजारांचा पराभव आणि त्याच्या कित्येक पट कुजलेली मते.

बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी या निवडणुकीविरुद्ध दाद मागितली. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितले, असा त्यांचा आरोप होता. निकाल काही बदलला नाही. बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. तोही द्विसदस्य मतदारसंघ, जोडीला पुन्हा अशोक मेहता. मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले. तिथे काही अनुयायांचे म्हणणे होते की आपणही दुसरे मत कुजवावे. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. ज्याने घटना लिहिली तो मत वाया घालवायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका. त्या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली.

आता आम्हाला इथे थोडे कडू बोलायचे आहे. १९५२ च्या पराभवाचे सगळे खापर डांग्यांच्या माथ्यावर फोडले की आपले समाधान होते. पण आकडे आणखी काही सांगतात. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा सुमारे सोळा हजार मते जास्त पडली. याचा सरळ अर्थ असा, की निदान सोळा हजार मतदारांनी मित्रपक्षाच्या मेहतांना मत दिले आणि बाबासाहेबांना दिले नाही. हे मतदार कम्युनिस्ट नव्हते. आघाडी व्यासपीठावर झाली होती, पण मतपेटीपर्यंत पुरती पोहोचली नव्हती. आणि डांग्यांच्या मतदारांचे काय? राखीव जागेचा निकाल वेगळा लागत होता. बाबासाहेबांच्या पेटीत टाकलेले दुसरे मत व्यवहारात डांग्यांचे काहीच बिघडवत नव्हते. तरीही ते पडले नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ज्या गिरणगावात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला, त्याच गिरणगावात चौदा वर्षांनी हे झाले.

मुळाशी गेले तर हा प्रश्न पुणे कराराचा आहे. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघ आला. जागा आमच्यासाठी राखीव, पण निवडून कोणाला द्यायचे हे ठरवणारी बहुसंख्य मते दुसऱ्यांची. मात्र १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतात एक खिडकी उघडी होती. बहुसदस्य मतदारसंघातला मतदार आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. अल्पसंख्य समाजाने एकजुटीने मते टाकली तर त्याला आपला खरा प्रतिनिधी निवडता येई. बाबासाहेब त्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातून निवडून आले आणि स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतात लक्षणीय यश मिळवले. १९५२ पर्यंत ती खिडकी बंद झाली होती. दोन्ही मते बाबासाहेबांना द्यायची सोयच उरली नव्हती. १९३७ ला जी मते हिशेबात धरली गेली असती, ती १९५२ ला बाद ठरली. पद्धत बदलली की माणूस तोच असला तरी निकाल बदलतो, हे आमच्या अभ्यासवर्गांत कोण शिकवतो?

सगळीकडे पराभवच झाला असे नाही. त्याच १९५२ मध्ये सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले आणि त्यांच्या जोडीला शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. दोघेही! म्हणजे जिथे मित्रपक्षाचे मत खरोखर आपल्या पेटीत पडले तिथे हत्ती लोकसभेत पोहोचला.

मुंबईलाही हे पाच वर्षांत दिसले. १९५७ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेरआखणी झाली आणि ‘मुंबई शहर मध्य’ हा द्विसदस्य मतदारसंघ झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. समाजावर दुःखाची छाया होती. पण संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता आणि फेडरेशन समितीत होते. या मतदारसंघातून समितीने दोन उमेदवार दिले. सर्वसाधारण जागेवर तेच श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने. दोघेही निवडून आले. नाशिकमधून कर्मवीर दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. ज्या गिरणी कामगाराचे दुसरे मत १९५२ ला बाबासाहेबांच्या पेटीत पडले नाही, त्याच गिरणी कामगाराने १९५७ ला ते मान्यांच्या पेटीत टाकले. बाबासाहेब हे पाहायला नव्हते, ही खंत आमच्या मनातून कधी जात नाही.

पुढे १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द करण्यात आले. दोन मते गेली, एक मत उरले. १९६२ ला मुंबईच्या मध्यभागाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यातून विठ्ठल गांधी आणि राखीव असलेल्या दुसऱ्यातून काजरोळकर लोकसभेत गेले. १९५२ ची तीच जोडी! समिती विस्कटली होती आणि रिपब्लिकन पक्षात फुटीची वाळवी लागली होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला बाबासाहेबांच्या स्वप्नातला पक्ष पाच वर्षेही एकसंध राहिला नाही.

त्यानंतरचा इतिहास आमच्या वाचकांच्या आठवणीत आहे. रिपब्लिकन चळवळीतून काँग्रेसमध्ये गेलेले आर. डी. भंडारे १९६७ आणि १९७१ ला मध्य मुंबईतून निवडून आले. ते बिहारचे राज्यपाल झाले आणि रिकाम्या जागेसाठी जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर हल्ला झाला, बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ज्या समाजाचे मत मिळाले नाही म्हणून कोणी पडतो, त्या समाजाच्या न दिलेल्या मतालाही वजन असते, हे त्या पोटनिवडणुकीने दाखवले. पण त्यासाठी आम्हाला रक्त द्यावे लागले.

१९७७ ला आणीबाणीविरुद्धच्या लाटेत बी. सी. कांबळे दक्षिण-मध्य मुंबईतून निवडून आले. १९९८ ला गट एकत्र आले तेव्हा महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. त्यात उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले होते. वर्षभरात पुन्हा गट फुटले आणि १९९९ ला ती जागा शिवसेनेच्या मनोहर जोशींकडे गेली. पुढे २००८ च्या फेरआखणीने मतदारसंघांच्या सीमा पुन्हा बदलल्या. आज मुंबईत लोकसभेच्या सहा जागा आहेत आणि त्यातली एकही राखीव नाही. जिथे चैत्यभूमी आहे, जिथे राजगृह आहे, त्या शहरातून आमचा प्रतिनिधी लोकसभेत जायचा तर सर्वसाधारण जागेवर लढूनच जावे लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, एवढे जुने आकडे कशाला उगाळता? आम्ही ते दोन कारणांनी उगाळतो. एक, प्रत्येक निवडणुकीत आमचे नेते कोणाशी तरी युती करतात आणि फुलांच्या हारांसकट फोटो छापून येतो. पण मित्रपक्षाचा मतदार आमच्या उमेदवाराला मत देणार का, हे कोणी मोजत नाही. १९५२ ला सोळा हजारांचा तो खड्डा होता, १९५७ ला तो बुजला होता. फरक कशाने पडला? १९५७ ला लढा आधी रस्त्यावर एकत्र झाला होता आणि युती नंतर झाली होती. जिथे नुसती जागावाटपाची बैठक झाली तिथे आमचे मत त्यांना गेले, त्यांचे आम्हाला आले नाही.

दोन, आमच्याच माणसाला आमच्याविरुद्ध उभे करण्याची पद्धत जुनी आहे. काजरोळकर हे एका माणसाचे नाव आहे, पण प्रस्थापित पक्षांना दर निवडणुकीत असा उमेदवार सापडतो. तो सापडतो याचा राग जरूर धरा. पण आमचे गट जितके अधिक, तितके असे उमेदवार अधिक, हेही मान्य करा.

‘मुंबई शहर उत्तर’ हा मतदारसंघ गेला. दोन मतांची पद्धत गेली, वेगवेगळ्या पेट्या गेल्या, गिरण्याही गेल्या. पण कुजलेले मत गेलेले नाही. पाच गटांत वाटले गेलेले मत हे कुजलेलेच मत आहे. फक्त आता ते बाद म्हणून मोजले जात नाही, एवढाच फरक. पुढच्या वेळी चाळीतले कोणी ‘बाबासाहेबांना काजरोळकरांनी पाडले’ असे म्हणाले, तर त्याला एक गोष्ट नक्की विचारा : बाबा, तुमच्या गटाने मागच्या निवडणुकीत मते कुठे टाकली?