माणसाचे तास, यंत्राचे तास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैरागमधलं ट्रॉल्या बनवणारं वर्कशॉप असो की सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतला कारखाना, जॉबचा खर्च आता सॉफ्टवेअरवर निघतो. अहवालात कामगार तास आणि ओव्हरहेडचे (यंत्राचे) तास जुळले नाहीत, की अनेकजण हातानेच आकडे सारखे करतात. त्यामुळे जॉबचा खरा खर्च कळत नाही आणि पुढचं कोटेशन चुकतं.

गैरसमज १: दोन्ही तास सारखेच असायला हवेत.
वस्तुस्थिती: सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या यंत्रमागांवर एक विणकर एकापेक्षा जास्त माग सांभाळतो. समजा, दोन मागांवर दोन वेगळ्या ऑर्डरी ८ तास चालल्या. विणकराचे तास ४ आणि ४ असे वाटले जातील. मागांचे मात्र प्रत्येकी ८, म्हणजे एकूण १६. याउलट, एका प्रेसवर दोघांनी ३ तास काम केलं, तर कामगार तास ६ आणि यंत्राचे ३. इथे फरक असणं हेच बरोबर.

गैरसमज २: यंत्राचे तासही कामगाराच्या तासांसारखे वाटून टाकणारी सॉफ्टवेअरमधली सेटिंग कायम चूक किंवा कायम बरोबर असते.
वस्तुस्थिती: ओव्हरहेडचा दर कसा काढला, ते आधी पाहा. वर्षाचा खर्च यंत्र तासांनी भागला असेल, तर यंत्राचे पूर्ण तास धरायचे. कामगार तासांनी भागला असेल, तर वाटलेले तास धरायचे. दर एका मापाचा आणि तास दुसऱ्या मापाचे झाले, तर ३०० रुपये तासाच्या दराने वरच्या मागांचे ४,८०० रुपये २,४०० दिसतील.

गैरसमज ३: हजेरीचे तास म्हणजेच जॉबचे तास.
वस्तुस्थिती: जेवणाची सुट्टी, मालाची वाट पाहणं, वीज जाणं हे हजेरीत येतं, पण त्या जॉबचं काम नसतं. त्यासाठी वेगळा कोड ठेवावा. कॉस्ट अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं सातवं मानकही असाधारण रिकाम्या वेळेचा खर्च उत्पादनाच्या खर्चात धरू देत नाही.

गैरसमज ४: ओव्हरटाइम दुप्पट, म्हणून तासही दुप्पट लिहायचे.
वस्तुस्थिती: कायद्याने दुप्पट होतो तो मजुरीचा दर. २ तासांचे ४ लिहिले आणि ओव्हरहेड कामगार तासांवर बसत असेल, तर तोही विनाकारण दुप्पट होतो.

गैरसमज ५: ७ तास ४५ मिनिटे म्हणजे ७.४५.
वस्तुस्थिती: दशांशात ते ७.७५ होतात. ७.४५ म्हणजे ७ तास २७ मिनिटे. एका नोंदीत १८ मिनिटे गायब.

फरक दिसला तर एकच जॉब घ्या. जॉबकार्ड, हजेरी आणि यंत्राची नोंद शेजारी ठेवा. मग एका यंत्रावर किती माणसं धरली आहेत, रात्रपाळीची नोंद १२ नंतर तुटते का आणि दर कोणत्या तासांवर काढला, हे क्रमाने तपासा. कारण सापडेपर्यंत आकड्याला हात लावू नका.