पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन कुठे बसतो?

दहावी झाली की आपली बरीच मुलं-मुली अकरावी सायन्सला जातात. कालपर्यंत मराठीत ‘अणुकेंद्रक’ किंवा उर्दूत ‘मरकज़ा’ म्हणणाऱ्यांना आता सगळं इंग्रजीत वाचावं लागतं. त्यात केमिस्ट्रीच्या सुरुवातीच्या धड्यांतच क्वांटम सिद्धांत येतो. अनेक जण इथेच घाबरतात आणि पाठांतराला लागतात. म्हणून आज आपण एकच प्रश्न घेऊ आणि तो नीट समजून घेऊ.

शाळेत आपण शिकतो की पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात १८ इलेक्ट्रॉन मावतात. पोटॅशियमकडे १९ इलेक्ट्रॉन आहेत. मग ते २, ८, ९ असे न लिहिता २, ८, ८, १ असे का लिहायचे? तिसऱ्या कवचात जागा असताना शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्यात का गेला?

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतच फिरतात. हायड्रोजनसाठी हे छान जमलं, पण जास्त इलेक्ट्रॉनच्या अणूंसाठी जमेना. १९२४ मध्ये द ब्रॉग्ली यांनी इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असतात असं मांडलं आणि १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी त्या तरंगाचं समीकरण दिलं. म्हणजे इलेक्ट्रॉन हा गोल फिरणारा मणी नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच सांगता येतं. त्या भागाला कक्षक म्हणतात.

एका कक्षकात दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, हा पाउली यांचा १९२५ चा नियम. तिसऱ्या कवचात एस प्रकारचा १, पी प्रकारचे ३ आणि डी प्रकारचे ५ कक्षक असतात. म्हणून जागा २ + ६ + १० = १८.

आता खरी गंमत. तिसऱ्या कवचाचे डी-कक्षक केंद्रकाजवळ फारसे पोहोचत नाहीत. आतले इलेक्ट्रॉन मध्ये आडवे येतात आणि केंद्रकाची ओढ कमी जाणवते. चौथ्या कवचाचा एस-कक्षक बराचसा बाहेर असला, तरी त्याचा थोडा भाग थेट केंद्रकापर्यंत शिरतो. त्यामुळे पोटॅशियममध्ये त्याची ऊर्जा कमी ठरते, आणि इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेची जागा आधी घेतो. कॅल्शियमचा विसावाही तिथेच जातो. डी-कक्षक भरायला सुरुवात होते ती स्कँडियमपासून, म्हणजे २१ पासून.

याचा उपयोग काय? पोटॅशियमचा तो एकटा बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो, म्हणून पोटॅशियम पाण्यात टाकताच पेट घेतं. द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदाचा निळा रंगही डी-इलेक्ट्रॉनमुळेच. ते प्रकाशातला नारिंगी-लाल भाग शोषतात आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. मोरचूद तापवला की त्यातलं पाणी उडतं, कक्षकांच्या ऊर्जेतला फरक बदलतो आणि तो पांढरा पडतो. पाण्याचा थेंब टाका, पुन्हा निळा! (हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच करावा, मोरचूद विषारी आहे.) आपल्या रक्तातलं लोह ऑक्सिजन धरतं आणि सोडतं, तेही डी-इलेक्ट्रॉनच्या जोरावर.

पालकांना एवढीच विनंती. मुलाने २, ८, ८, १ म्हणून दाखवलं की शाबासकी जरूर द्या, पण लगेच विचारा, “बेटा, ९ का नाही?” या ‘का’चं उत्तर ज्याला देता येतं, त्याला भाषा बदलली तरी अडत नाही.