परदेशगमन आणि मद्याचा कायदा
ब्रिटनमध्यें १८ वर्षांच्या तरुणास मद्य विकत घेण्याची मुभा आहे. तोच तरुण अमेरिकेंत उतरला, कीं २१ वर्षें पुरीं होईपर्यंत ती संपते. मग पारपत्र कोणत्याही देशाचें असो. या मर्यादेचें मूळ रस्त्यांवरील अपघातांत आहे. पूर्वीं राज्याराज्यांचे नियम निरनिराळे असल्यानें मुलें मोटारीनें शेजारच्या राज्यांत जाऊन मद्यपान करीत व परततांना प्राणांस मुकत. म्हणून १९८४ सालीं संघसरकारनें कायदा करून, २१ ची मर्यादा न पाळणाऱ्या राज्याच्या महामार्ग-अनुदानाचा कांहीं भाग रोखण्याचें ठरविलें. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनीं ती स्वीकारली. खोटें ओळखपत्र दाखविणें हा तेथें निराळाच गुन्हा होय. मायदेशीं मिळालेली मुभा सीमेपलीकडे चालत नाहीं, हें प्रवाशानें निघण्यापूर्वींच ध्यानीं घ्यावें.