ताटाची साक्ष

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा खेडावरून खाली येते, तुळापुरास इंद्रायणीला भेटते, पुढे शिरूर आणि दौंड या तालुक्यांची सरहद्द राखीत जाते आणि दौंड मागे टाकल्यावर पेडगावच्या पडक्या बहादूरगडाला लागून वाहते. या वाटेवर मराठ्यांच्या इतिहासातील एका वियोगाची आणि एका पुनरागमनाची ठाणी आहेत. १६८९ च्या फेब्रुवारीत कैद झालेल्या संभाजीमहाराजांना औरंगजेबाच्या छावणीत आणले ते बहादूरगडासच. ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला आणि त्यांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. १८ वर्षांनी ते परतले, तेव्हा १२ ऑक्टोबर १७०७ रोजी त्यांना स्वकीयांच्याच फौजेशी गाठ घालावी लागली, तीही भीमेच्याच काठी, खेड येथे. आणि त्या दिवशीचा निकाल तलवारीने लागला त्याहून अधिक या प्रश्नाच्या उत्तराने लागला की, आलेला हा तरुण खरोखर शाहूच आहे काय?

ग्रीकांच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा उत्तरार्ध याच प्रश्नाभोवती रचलेला आहे. होमरच्या नावावर असलेल्या या काव्याचे २४ सर्ग असून ओळी सुमारे १२,००० आहेत. इथाकाचा राजा ओडिस्यूस ट्रॉयच्या युद्धात १० वर्षे घालवतो, परतीच्या समुद्रप्रवासात आणखी १० वर्षे भटकतो, आणि घरी येतो तो भिकाऱ्याच्या वेषात. कारण त्याच्या वाड्यात शंभरावर उपवर पुरुष ठाण मांडून बसलेले असून त्याच्या पत्नीने, पेनेलोपीने, त्यांच्यापैकी एकाला वरावे असा त्यांचा लकडा चालू असतो. अशा घरात आपले नाव उच्चारणे म्हणजे मरण ओढवून घेणे. म्हणून हा मनुष्य आपल्याच उंबऱ्याशी बसून आपण क्रीट बेटावरचे कोणी दैवहत गृहस्थ आहोत अशा सफाईदार कहाण्या सांगतो, आणि ओळख एकेका माणसाला, एकेका खुणेने पटत जाते.

म्हातारी दाई पाहुण्याचे पाय धुवावयास बसते आणि मांडीवरच्या व्रणावर हात पडताच, लहानपणी आजोळी रानडुकराने केलेली ती जखम ओळखून, तिच्या हातून पाय सुटतो आणि घंगाळ कलंडून पाणी जमिनीवर सांडते. पेनेलोपी मात्र व्रणाने भुलणारी नव्हे. ती दासीला सहज आज्ञा करते की, पाहुण्यासाठी शयनगृहातील पलंग बाहेर काढ. आणि ओडिस्यूस संतापून उठतो, कारण तो पलंग त्याने स्वतः जमिनीत मूळ धरून असलेल्या ऑलिव्ह वृक्षाच्या बुंध्यावर घडविलेला, म्हणजे हलविता न येणारा असतो. हे गुपित त्या दोघांना आणि एका दासीला तेवढे ठाऊक. पतीची परीक्षा घेणाऱ्या या स्त्रीची बुद्धी मला तिच्या गाजलेल्या पातिव्रत्याहून मोठी वाटते. वृद्ध पिता लाएर्टीस याची खात्री पटते ती लहानपणी त्याने मुलाला बागेतली कोणकोणती झाडे दिली होती त्यांच्या मोजदादीवरून: १३ नासपती, १० सफरचंदे, ४० अंजीर.

शाहूमहाराजांजवळ असली कोणती खूण असणार? सातव्या वर्षी गेलेले मूल पंचविसाव्या वर्षी आले होते. मधला सारा काळ औरंगजेबाच्या छावणीत गेला होता. आणि ज्या मातेने निःसंशय साक्ष दिली असती ती येसूबाई ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिली होती, ती परतली १७१९ साली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने १७०७ च्या मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथून त्यांना जाऊ दिले. ते खानदेशातून दक्षिणेस उतरले. वाटेत खुलदाबादेस जाऊन त्यांनी औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले असे इतिहासकार लिहितात. ज्याने पित्याचा वध करविला त्याच्याच कबरीपुढे नमणाऱ्या या राजपुत्राच्या मनाचा ठाव घेण्यास होमरच्या तोडीचा कवी हवा होता, तो आपणांस लाभला नाही.

साताऱ्याकडचा कारभार तेव्हा संभाजीमहाराजांचे बंधू राजाराम यांची विधवा ताराबाई आपल्या पुत्राच्या नावाने पाहत होत्या. त्यांनी आलेल्या पुतण्यास तोतया ठरविले, सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेवविल्या आणि धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना फौजेनिशी रवाना केले. त्यांचा दुसरा मुद्दा असा की, संभाजीमहाराजांचे राज्य बुडाले, आज आहे ते राजारामांनी नव्याने उभारलेले, तेव्हा खऱ्या शाहूसही त्यावर दावा नाही. मनुष्य खोटा असेल तर त्याच्या हक्काची चर्चा कशाला, आणि हक्कच नसेल तर त्याच्या खरेपणाची शहानिशा कशाला, असे कोणी विचारले की नाही न कळे. पण इथाकातील उपवर आणि साताऱ्याचा दरबार यांत हे साम्य आहे खरे की, धनी परत न येण्यातच ज्यांचे हित गुंतले आहे त्यांना कोणतीच खूण पटत नाही.

अशा वेळी नागपूरकर भोसल्यांचे पूर्वज परसोजी भोसले यांनी जे केले ते परंपरेने जपून ठेविले आहे: सर्वांदेखत ते शाहूमहाराजांबरोबर एका ताटात जेवले. खानदानी मराठा सरदार तोतयाच्या ताटात हात घालणार नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. बाटण्याची जोखीम स्वतःवर घेऊन दिलेली ती जामिनकीच होती. पेनेलोपीची खूण बंद दाराआड दोघांपुरती होती. आपल्याकडची खूण पंक्तीत, पंचांसमक्ष मुकर्रर व्हावी लागली. पुढे खेडला धनाजीनेही आपली खात्री करून घेतली, पदरच्या बाळाजी विश्वनाथाने त्यात खटपट केली असे म्हणतात, आणि ऐन लढाईत धनाजीने हात आखडता घेतल्यावर परशुरामपंतांना साताऱ्याकडे काढता पाय घ्यावा लागला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूमहाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

ही हकीकत ज्या बखरीने घरोघर पोहोचविली ती मल्हार रामराव चिटणिसांची, म्हणजे घटनेनंतर सुमारे १०० वर्षांनी लिहिलेली. ओडिस्यूसची स्थिती वेगळी: परक्या राजाच्या मेजवानीत डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉयचा पराक्रम गातो, अनोळखी पाहुणा वस्त्रात तोंड लपवून रडतो, यजमान नाव विचारतो, आणि तेथून चार सर्ग तो आपली कथा आपल्याच तोंडाने सांगतो. शाहूमहाराजांच्या बंदिवासाची कथा दुसऱ्यांनीच सांगितली. (ओडिस्यूसला प्रथम ओळखून प्राण सोडणाऱ्या अर्गोस या कुत्र्याची मात्र येथे आठवण होते, कारण महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आजही दाखवितात.)

ताट आणखी एकदा मांडले गेले. १७४९ साली निपुत्रिक शाहूमहाराज अंथरुणास खिळले असता ताराबाईंनी आपला एक नातू लपवून वाढविला असल्याचे प्रकट केले. तो रामराजा बार्शीजवळच्या पानगावाहून आणविला गेला, आणि या वेळी शंका घेतली ती परसोजींच्याच घराण्यातील रघूजी भोसल्यांनी. ताराबाईंनी जातभाईंसमक्ष त्याच्याबरोबर जेवावे आणि त्या अन्नावर शपथ वाहून तो आपला नातू असल्याचे सांगावे, अशी त्यांची मागणी होती, हे इतिहासकार ग्रँट डफने नमूद केले आहे. ताराबाई जेवल्या. वर्ष उलटण्याच्या आत, नातू आपल्या तंत्राने चालेना तेव्हा, त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. आणि १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीस खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी सलोख्याच्या आणाभाका झाल्या, तेव्हा रामराजा आपला नातू नसून गोंधळ्याचा पोर आहे असे शपथेवर सांगितले.

पेशव्यांनी शपथ ऐकून घेतली आणि गादीवर रामराजालाच ठेविले. ताराबाई १७६१ साली वारल्या. रामराजा १७७७ पर्यंत छत्रपती होता, आणि माधवराव पेशव्यांच्या शिक्क्यात राजा म्हणून नाव होते ते त्याचेच.