पालीचं शेपूट आणि सासूबाईंचा गुडघा

परवा वाशिमला आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट सरकवताना पालीचं शेपूट तुटलं. पाल पसार झाली, शेपूट मात्र फरशीवर वळवळत राहिलं. धाकटी म्हणाली, "आई, पालीला नवं शेपूट येतं, मग आजीला नवा गुडघा का नाही येत?"

मी दचकलेच. कारण त्याच आठवड्यात एक जाहिरात घरी आली होती: मूलपेशींचं इंजेक्शन घ्या, झिजलेला गुडघा पुन्हा नवा करा! सासूबाई त्यासाठी पाटल्या मोडायला निघाल्या होत्या.

पालीला शेपूट येतं हे खरं. पण त्यात पहिल्यासारखे मणके नसतात, कूर्चेची नुसती नळी असते. त्याहून नवलाचा जीव म्हणजे गोड्या पाण्यातला हायड्रा. असतो जेमतेम सेंटिमीटरभर, पण कापलेल्या तुकड्यांतून पुन्हा अख्खे हायड्रा तयार होतात. अब्राहम ट्रेम्बले यांनी १७४४ मध्ये हे सविस्तर लिहून ठेवलं. आपल्या पुण्यातही आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर चार वर्षं पाळलेल्या हायड्रांत म्हातारपणाची खूणच दिसली नाही! त्याच्या अंगातल्या मूलपेशी सतत नव्या पेशी घडवत असतात, म्हणून हे साधतं.

आणि आपलं? आपल्यालाही हे थोडं जमतं बरं का! यकृताचा भाग दान केला, तर उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढं वाढतं. भाजलेली कातडी भरून येते, पण जखम खोल असली तर व्रण राहतो. गुडघ्याच्या कूर्चेला मात्र रक्तवाहिन्याच नसतात. ती झिजली, की भरून येणं फार कठीण.

प्राण्यांचं हे कसब माणसाच्या कामी यावं म्हणून जगभर शास्त्रज्ञ झटताहेत. पण प्रयोगशाळेतली आशा म्हणजे दवाखान्यातला इलाज नव्हे. मूलपेशींबाबतच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, रक्ताच्या काही विकारांवरचं रोपण सोडलं तर बाकीचे उपचार तेव्हा प्रयोगाच्याच पातळीवर होते, असं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा कुणी इंजेक्शन सुचवलं तर आधी विचारा: हा मान्य उपचार आहे की प्रयोग? परवानगी कुणाची? आणि दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

आम्ही तेच केलं. डॉक्टरांनी सासूबाईंना वजन उतरवायला आणि मांडीचे व्यायाम करायला सांगितलं. रोज संध्याकाळी नात समोर बसून मोजते, आजी पाय उचलतात. पाटल्या हातातच आहेत.